सेंद्रिय गोठ्याच्या नोंदवह्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी गोठ्याच्या वह्या ठेवाव्या लागतात. त्यांबद्दल मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या गावांतून आणि अधूनमधून खारघर-पनवेलच्या बाजूनेही जे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आमच्या गटाच्या वह्या सांभाळता सांभाळता जे शिकलो ते उत्तरांत आहे. नियम नेमका आहे तिथे नियमच दिला आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एकाचं अर्धं उत्तर दुसऱ्यात असतं.

१. आमच्या गाई देशी, चारा घरचा. मग दूध सेंद्रियच झालं ना? त्याला कागद कशाला?

गाय डांगी असो, कोकण कपिला असो की जर्सी, जातीचा आणि 'सेंद्रिय' या शब्दाचा संबंध नाही. देशी गाईचं म्हणून विकल्या जाणाऱ्या ए-टू दुधाचंही तेच. सेंद्रिय म्हणजे जनावर काय खातं, कुठे चरतं, आजारी पडल्यावर त्याला काय देता, आणि हे सगळं तुम्ही दाखवू शकता का. डांगीसारखं काटक जनावर आपल्या पावसात कमी आजारी पडतं, औषधांचं पान रिकामं राहतं, एवढा फायदा मात्र खरा.

२. प्रमाणपत्र देतं कोण? सरकार की खासगी संस्था?

दोन वाटा आहेत. पहिली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, म्हणजे एनपीओपीची. तो २००१पासून चालू आहे, वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत अपेडा ही शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था तो पाहते, आणि त्याची आठवी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५मध्ये आली. यात मान्यताप्राप्त प्रमाणीकरण संस्थेचा निरीक्षक दरवर्षी येतो आणि मालाची नोंद ट्रेसनेट या संगणक प्रणालीवर चढते. दुसरी वाट पीजीएस-इंडियाची, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहभागाने होणाऱ्या प्रमाणीकरणाची, कृषी मंत्रालयाची. तिथे कमीत कमी पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि गटातलेच शेतकरी एकमेकांचे गोठे तपासतात.

दूध ठाण्या-वाशीतच विकायचं असेल तर पीजीएस स्वस्त पडतं. माल परदेशी जायचा असेल तर एनपीओपीशिवाय इलाज नाही. वह्या मात्र दोन्हीकडे जवळजवळ त्याच. 'पीजीएसला काही लिहावं लागत नाही' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. शेजारी तपासायला आला की निरीक्षकापेक्षा जास्त खोलात जातो, कारण त्याला तुमच्या गोठ्याची सगळी बिंगं आधीच ठाऊक असतात.

३. वह्या नेमक्या किती आणि कसल्या?

छापील नमुने संस्था देते, पण नमुन्यांची थप्पी बघून घाबरू नका. पाच-दहा जनावरांच्या गोठ्याला आम्ही चार वह्या आणि एक फाईल एवढंच ठेवतो.

पहिली जनावरांची वही. प्रत्येक जनावराला एक पान. वर बिल्ल्याचा नंबर, नाव, जात, रंग, जन्मतारीख किंवा खरेदीची तारीख, आईचा नंबर. खाली माज, रेतन, गाभण तपासणी, व्यायल्याची तारीख, आटवल्याची तारीख. विकलं, मेलं, कोणाला दिलं तर तेही इथेच, तारखेसकट. पान फाडायचं नाही. जनावर गेलं तरी पान राहतं.

दुसरी वैरणीची वही. घरचा चारा कुठल्या सर्व्हे नंबरातून किती आला, विकत काय आणलं, कुणाकडून, गोणीवर काय छापलंय, आणि महिन्याला साधारण किती खपलं.

तिसरी औषधांची. लस, जंतनाशक, मलम, झाडपाल्याचा काढा, सगळं. काढ्याची नोंद लोक करत नाहीत, 'ते काय औषध आहे का' म्हणतात. करा. पुढच्या वर्षी हीच नोंद सांगते की आधी घरगुती उपाय करून पाहिला होता.

चौथी दुधाची, तिच्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

फाईलमध्ये सातबारा, ८अ, शेताचा आणि गोठ्याचा हाताने काढलेला नकाशा, पाण्याच्या तपासणीचा अहवाल, सगळी बिलं आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या. नकाशात शेजाऱ्यांची शेतं दाखवा, आणि ते फवारणी करतात का तेही लिहा.

४. मराठीत लिहिलं तर चालेल? मोबाइलवर?

मराठीत बेधडक लिहा. फक्त औषधाचं नाव बाटलीवर आहे तसंच्या तसं उतरवा, 'तापाचं पिवळं इंजेक्शन' असं नको. मोबाइल चालतो, पण फोन पाण्यात पडला की वर्ष गेलं. आमच्यातले काही जण रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो गटावर टाकतात. वही एका जागी, फोटो दुसऱ्या, आणि फोटोला आपोआप तारीख लागते.

५. गोठ्यावरच्या माणसाला लिहिता येत नाही. मी ठाण्यात राहतो, शनिवार-रविवारी गावी जातो. मग?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. दावणीच्या वरच्या भिंतीवर एक पाटी टांगा, तिच्यावर प्रत्येक गाईचं चित्र किंवा रंगाची खूण. दूध किती तांबे, पेंड किती घमेली, एवढ्या रेघा कुणालाही मारता येतात. एका तांब्यात किती लिटर आणि एका घमेल्यात किती किलो हे एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाटीचा फोटो रोज तुमच्याकडे यायला हवा, वहीत तुम्ही चढवा.

औषधाची नोंद मात्र शनिवारची वाट बघत नाही. डॉक्टर गोठ्यात असतानाच फोन लावायला सांगा आणि त्यांच्याकडून नाव आणि मात्रा विचारून तिथल्या तिथे लिहा.

६. कानातला बिल्ला झुडपात अडकून पडला. आता जनावर ओळखायचं कसं?

बारा आकडी बिल्ला हाच जनावराचा आधार. दवाखान्यात सांगून नवा मारून घ्या आणि जनावराच्या पानावर जुना नंबर, पडल्याचं कळलं ती तारीख, नवा नंबर, असं ओळीने लिहा. जुना नंबर खोडायचा नाही, कारण लसीकरणाच्या आधीच्या नोंदी त्याच नंबरावर आहेत. जनावरांच्या नोंदींच्या भारत पशुधन या सरकारी संगणक प्रणालीवर बदल झाला का तेही विचारा. राज्यात १ जून २०२४पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे, म्हणून हे काम तसंही करायचंच आहे.

७. रूपांतरणाचा काळ कधीपासून मोजतात?

रूपांतरण म्हणजे नियम पाळायला लागल्यापासून माल सेंद्रिय म्हणून मान्य होईपर्यंतचा काळ. तो संस्थेने तुमचा अर्ज नोंदवून योजना स्वीकारली त्या दिवसापासून, असं धरून चाला. 'आम्ही दहा वर्षांत खत टाकलेलं नाही' हे सांगून काळ कमी करून मागणारे बरेच असतात. त्यालाही पुरावा लागतो आणि तो सहसा नसतो.

जमिनीचा हिशोब वेगळा, जनावराचा वेगळा. हंगामी पिकाच्या जमिनीला पेरणीआधी २ वर्षं, फळझाडांसारख्या बहुवार्षिक पिकाला पहिल्या काढणीआधी ३ वर्षं. जनावराचा काळ ते दुधाचं की मांसाचं की अंड्यांचं यावर ठरतो. तुमच्या गोठ्याला लागू असलेली तारीख संस्थेच्या पत्रात येते. ते पत्र जनावरांच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा.

८. सरकी पेंड तर पिढ्यान् पिढ्या घालतोय. ती का चालत नाही?

इथे सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सरकी म्हणजे कपाशीचं बी. भारतात २००२पासून बीटी कपाशी आहे आणि आज आपल्याकडे पिकणारी जवळपास सगळी कपाशी बीटीच. म्हणजे जनुक बदललेल्या पिकाची. जनुक बदललेल्या पिकापासूनचं खाद्य सेंद्रिय जनावराला चालत नाही, मग ते कितीही शुद्ध घाण्याचं असो. घाणेवाल्याने 'केमिकल नाही' असं लिहून दिलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण प्रश्न बियाण्याचा आहे.

गाई सरकीला सोकावलेल्या असतात. एकदम बंद केली की दूध घटतं आणि माणूस गुपचूप परत सुरू करतो. मग वहीत शेंगदाणा पेंड आणि गोठ्यात सरकीची गोणी, असा देखावा निरीक्षकाला दिसतो. आम्ही भुईमुगाची, तिळाची, खोबऱ्याची पेंड, भाताचा कोंडा, तुरीची चुनी यांवर हळूहळू आलो. हा माल सेंद्रिय प्रमाणित शेतातलाच हवा आणि मिळवायला कठीण, हे मान्य. मिळाला नाही तर संस्थेला आधी लेखी कळवून, त्यांनी मान्य केलेल्या मर्यादेत आणि मुदतीतच दुसरं काही आणायचं. ते परवानगीचं पत्र वैरणीच्या वहीत लावा.

९. पेंढ्यावर युरिया शिंपडून तो मऊ करायला शिबिरात शिकवलं होतं. ते तर सरकारी आहे ना?

सरकारी आहे, साध्या गोठ्याला उपयोगीही आहे. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, हे गणित अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण सेंद्रिय गोठ्यात रासायनिक नत्र खाऊ घालता येत नाही, त्यामुळे हा प्रकार बंद. गोणीतल्या तयार पशुखाद्यातही युरिया असू शकतो, म्हणून गोणीवरचं लेबल कापून वहीत डकवा. लेबलावर घटक लिहिलेले नसतील तर ती गोणी गोठ्यात आणू नका. पेंढा मऊ करायचा तर कुट्टी करून मिठाच्या पाण्यात भिजवा. तेवढंही पुरतं.

१०. तुर्भे मार्केटमधून फ्लॉवर-कोबीचा पाला फुकट मिळतो. तो लिहायचा तरी कसा?

लिहायची वेळच येऊ देऊ नका. तो पाला कुठल्या शेतातला, त्यावर काय मारलंय, याचा पत्ता नाही. फ्लॉवर-कोबीवर फवारण्या किती होतात हे भाजी पिकवणाऱ्याला सांगायला नको. बीअर कारखान्याचा ओला चोथा आणि नाल्याच्या पाण्यावर वाढलेलं पॅरा गवत, दोन्ही त्याच यादीत. भिवंडी-कल्याणच्या तबेल्यांना हे गवत वर्षानुवर्षं जातं, खप मोठा आहे, पण सांडपाण्यावर वाढलेला चारा सेंद्रियात बसत नाही. फुकटचा पाला एकदा घातला आणि कुणी विचारलं नाही म्हणून सवय लागली, अशी उदाहरणं आमच्याच गटात आहेत.

११. दिवाळीनंतर भात निघाला की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात. सगळ्यांच्या शेतातून चरतात. याची नोंद कशी ठेवणार?

कोकणपट्टीतला हा खरा पेच आहे. प्रमाणपत्राचे नियम कुंपणातल्या गोठ्याचा विचार करून लिहिलेले वाटतात आणि आपल्याकडे कार्तिकापासून शिवार सगळ्यांचं.

आम्ही असं करतो. गुरं कुठून कुठे जातात ती वाट नकाशावर काढायची. त्या वाटेवरच्या शेतकऱ्यांकडून बांधावर तणनाशक मारलं का, खाचरात काय टाकलं, हे एका कागदावर लिहून सही घ्यायची. जो सही देत नाही त्याच्या खाचरात गुरं जाऊ द्यायची नाहीत, म्हणजे गुराखी बरोबर हवाच. पूर्ण मोकळी सोडण्याचे दिवस आता संपले असं समजा. वहीत आठवड्याला एक ओळ पुरते, कुठे चरली, किती जनावरं, कोण बरोबर होतं. जंगलात सोडत असाल तर वनखात्याची चराईची मुभा आहे का तेही लिहा. तानसा अभयारण्याच्या कडेच्या गावांनी तर हे आधी पाहावं. ही सगळी व्यवस्था संस्थेकडून तपासणीआधीच लेखी मान्य करून घ्या.

१२. लाळ्या-खुरकुताची सरकारी लस घेतली तर प्रमाणपत्र जातं का?

जात नाही. परिसरात रोग असेल किंवा लस कायद्याने घ्यायचीच असेल तर सेंद्रियात लसीला परवानगी आहे. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९पासून चालू आहे, त्यात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी आणि ब्रुसेलोसिसची ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना एकदा दिली जाते. २०२२मध्ये लम्पीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. सेंद्रियाच्या नावाखाली लस चुकवणारा स्वतःची गाय तर घालवतोच, शेजाऱ्याचीही घालवतो. तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर आणि कुणी टोचली, एवढं लिहा.

१३. गाईला कासदाह झाला, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. आता सगळं संपलं का?

अजिबात नाही. जनावर तडफडत ठेवून सेंद्रिय राहणं हे नियमालाच मान्य नाही. आधी साधे उपाय, ते चालले नाहीत आणि डॉक्टरांनी सांगितलं तर अँटिबायोटिक द्यायचं. बंदी आहे ती आजार नसताना, 'असू दे' म्हणून देण्यावर.

पण मग दुधाचा हिशोब बदलतो. बाटलीवर दूध किती दिवस वापरू नये ते छापलेलं असतं. सेंद्रिय विक्रीसाठी तो काळ दुप्पट धरायचा, आणि कमीत कमी ४८ तास. समजा बाटलीवर ७२ तास आहेत आणि शेवटची मात्रा १२ जुलैला संध्याकाळी सहाला दिली. पहिले ७२ तास, म्हणजे १५ जुलैच्या संध्याकाळपर्यंत, दूध कुणालाच द्यायचं नाही, वासरालाही नाही. तिथून १८ जुलैच्या संध्याकाळी सहापर्यंत ते साध्या डेअरीला जाऊ शकतं, सेंद्रिय म्हणून नाही. त्यानंतर परत आपल्या कॅनमध्ये.

बाटलीवर काळ छापलेलाच नसेल तर औषध नियमांनुसार दुधाला किमान ७ दिवस धरतात. दुप्पट केले की १४. म्हणून डॉक्टरांना सांगा, ज्याच्यावर काळ छापलाय असंच औषध द्या.

वहीत यायला हवं ते असं: गाय नंबर, काय झालं होतं, आधी काय केलं, औषध, मात्रा, कुणी दिलं, पहिली आणि शेवटची मात्रा कधी, सेंद्रिय विक्री पुन्हा कधीपासून. आणि गाईच्या शिंगाला लाल कापड. कापड नियमात नाही, पण पहाटे चारला धार काढणारा वही वाचत नाही.

१४. जंतनाशक आणि गोचिडांचं काय?

दर तीन महिन्यांनी कॅलेंडर बघून सगळ्यांना जंतनाशक, ही पद्धत सोडावी लागते. शेण तपासून जंत आढळले तरच, त्याच जनावराला. तपासणीची चिठ्ठी फाईलला लावा. दुधाचा काळ प्रश्न १३प्रमाणेच. गोचिडांसाठी कडुनिंब-करंज तेल, भिंतींच्या भेगा बुजवणं, चुना मारणं. पावसाळ्यात हे कमी पडतं आणि हात विषारी औषधाकडे जातो. तो जाण्याआधी संस्थेला फोन जाऊ द्या.

१५. आमचे खासगी डॉक्टर चिठ्ठी देत नाहीत. इंजेक्शन मारतात, पैसे घेतात, मोटारसायकल सुरू.

रिकामी बाटली मागून घ्या. लेबलाचा फोटो काढा, वहीत औषध लिहा आणि त्यांना तिथेच सही करायला सांगा. वहीवर सही करायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, चिठ्ठी लिहायचा कंटाळा असतो इतकंच. त्याने एक गोष्ट तुमच्याही लक्षात येईल. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६पासूनच बंद आहे, गिधाडं त्यानेच मेली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३मध्ये बंदी आली. यातलं नाव बाटलीवर दिसलं तर प्रश्न सेंद्रियाच्या पुढे जातो. सरकारी फिरतं पथक हवं असेल तर १९६२ हा क्रमांक आहे.

पान्हा सोडायला इंजेक्शन देता का, असंही काही जण इथेच विचारतात. नाही. कधीच नाही. वाढीची आणि माजावर आणायची संप्रेरकंही नाहीत. कृत्रिम रेतन मात्र चालतं.

१६. म्हशाच्या जत्रेतून गाय आणली. तिला कुठे लिहू?

पहिल्या दिवशी तीन कामं. बाजाराची पावती आणि विकणाऱ्याचं नाव-गाव फाईलला, बिल्ल्याचा नंबर पडताळून नवं पान, आणि गाय वेगळ्या खुंट्याला. जत्रेतून पौषात आणलेल्या गाईचं दूध लगेच सेंद्रियात येत नाही. तिचा रूपांतरण काळ पुरा होईपर्यंत दूध वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या रकान्यात. बाहेरची जनावरं किती आणता येतात यावरही मर्यादा असते, म्हणून जत्रेला निघायच्या आधी विचारा. हौसेने तीन गाई आणून मग फोन करणाऱ्याला आमच्याकडे उत्तर नसतं.

१७. दुधाच्या वहीत निरीक्षक इतका वेळ काय बघतात?

बेरीज-वजाबाकी. समजा चार दुभत्या गाई, सरासरी सात लिटर. दिवसाला २८, घरी दोन ठेवले, विकायला २६. तीस दिवसांचे ७८०. तुमच्या विक्रीच्या पावत्या ९१० लिटरच्या निघाल्या तर १३० लिटर आले कुठून? आणि त्यातली एक गाय आठवडाभर अँटिबायोटिकवर होती असं औषधाची वही सांगत असेल, तर आकडा ७८०पेक्षा कमीच हवा.

चाऱ्याचंही तसंच. सहा जनावरं, प्रत्येकी रोज पाच किलो सुका चारा म्हणजे महिन्याला ९०० किलो. तुमच्या अर्ध्या एकरातून एवढा पेंढा निघतो का, हे शहापूरकडे फिरलेला निरीक्षक तोंडी सांगतो. म्हणून चार वह्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. दुधाच्या वहीला रकाने ठेवा: सकाळ, संध्याकाळ, वासराला, घरी, सेंद्रिय विक्री, साधी विक्री, फेकलं. 'फेकलं' हा रकाना वर्षभर रिकामा असला तर तोही प्रश्न विचारतात.

१८. शेणाचीही नोंद?

थोडक्यात. किती निघालं, खड्ड्यात गेलं की राबाला (भाताच्या रोपांची जागा भाजायला), बाहेर कुणाला दिलं. महिन्याला एक ओळ.

१९. अर्धी जनावरं सेंद्रिय आणि अर्धी साधी ठेवली तर?

म्हशी साध्या आणि गाई सेंद्रिय, हे एकवेळ सांभाळता येतं, पण गोठा, वैरणीची खोली, दुधाची भांडी आणि वह्या सगळं वेगळं हवं आणि ते आधी मंजूर करून घ्यायला हवं. गाईंमध्येच दोन भाग करायचा विचार सोडा. अंधारात धार काढणाऱ्याला तो भेद राखता येत नाही, आणि ते कागदावर पटवणंही तितकंच अवघड.

२०. तळोजा एमआयडीसी जवळ आहे. पाण्यामुळे अडचण येईल का?

येऊ शकते. कासाडी नदीच्या प्रदूषणाची चर्चा किती वर्षं चालू आहे हे त्या भागातल्या लोकांना सांगायला नको. नदीचं, नाल्याचं पाणी जनावरं पीत असतील तर आधी तो रस्ता बंद करा. विहीर किंवा बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून अहवाल फाईलला लावा, आणि नमुना कुठून घेतला तो बिंदू नकाशावर दाखवा. पावसाळ्यात पूर आला, कारखान्याचं पाणी शेतात घुसलं, तर त्याच दिवशी वहीत लिहा आणि संस्थेला कळवा. चारा तिथला असेल तर तो बाजूला काढा.

२१. शेळ्या आणि गावरान कोंबड्यांनाही प्रत्येकी पान?

शेळ्यांना हो, बिल्ला हवाच. कोंबड्यांची नोंद तुकडीने करतात: पिल्लं कधी, कुठून, किती आणली, किती मेली, खाद्य, लस, रोजची अंडी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या मार्गदर्शक तत्त्वांत अंड्यांसाठी सहा आठवड्यांचा रूपांतरण काळ आहे. कोंबड्यांच्या तयार खाद्यात सोयापेंड असते आणि ती बाहेरून आयात झालेली असेल तर प्रश्न ८मधला जनुक बदललेल्या पिकाचा मुद्दा परत उभा राहतो.

२२. नोंद राहून गेली. आठवून भरू का?

आता माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी चार महिन्यांच्या नोंदी तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत उतरवल्या. एकच पेन, एकच अक्षर, रोज बरोबर सात लिटर. निरीक्षकबाईंनी पान उलटलं, मग अजून एक, आणि विचारलं, 'तुमच्या गाई संपावर कधीच जात नाहीत का?' पुढचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढे महिने रूपांतरणात धरले गेले नाहीत.

राहिली तर जागा मोकळी ठेवा, आणि आजच्या तारखेने खाली लिहा की अमुक तीन दिवस लग्नाला गेलो होतो, नोंद नाही, डेअरीच्या पावतीवरून इतकं दूध. चुकीचा आकडा एका रेघेने खोडा, वर बरोबर लिहा, बाजूला सही. व्हाइटनर गोठ्याच्या आसपासही नको.

२३. घरोघर दूध घालतो, नेरूळच्या दोन सोसायट्यांत. पिशवीवर 'सेंद्रिय' लिहू का?

एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्याचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७चे. त्यांत लहान मूळ उत्पादकाने थेट ग्राहकाला विकण्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण 'जैविक भारत'चं चिन्ह प्रमाणपत्राशिवाय लावता येत नाही. दुकानात ठेवलं की सूट संपली. रूपांतरण चालू असताना पूर्ण सेंद्रिय असल्याचा दावा करू नका. सोसायटीतली मंडळी प्रमाणपत्राचा फोटो मागतात आणि त्यावरची तारीख वाचतात.

२४. वह्या किती वर्षं जपायच्या? आमच्याकडे तर पावसात सगळं भिजतं.

पाच वर्षांच्या तरी जपा, गाय गोठ्यात असेपर्यंत तिचं पान. जेल पेन नको, आपल्या जुलैत शाई पसरते. बॉलपेनने लिहा आणि वही झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, गव्हाणीपासून लांब ठेवा. आमच्या एका सभासदाची अर्धी वैरणीची वही कालवडीने खाल्ली. तीही नोंद केली, तारखेसकट.

२५. निरीक्षक न सांगता आले आणि मी कामावर ठाण्यात असलो तर?

न सांगता यायचा त्यांना अधिकार आहे. दार उघडायला आणि डबा काढून द्यायला घरातला एक माणूस ठरवून ठेवा आणि त्याचं नाव संस्थेला कळवा. तो माणूस सगळं पाठ म्हणणारा नको. 'मला माहीत नाही, वहीत बघा' एवढं म्हणता आलं तरी चालतं. औषधांचं कपाट उघडं ठेवा. बंद कपाटाची किल्ली तुमच्या खिशात आणि तुम्ही लोकलमध्ये, असं झालं की ते रिकाम्या हाताने परत जातात, आणि दुसऱ्या फेरीचा खर्च तुमच्या नावावर येतो.